लोखंडाला पाणी लावायचं नाही

४ जानेवारी, रविवार. दुपार.

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सून लिहिणार. मला लिहिता येत नाही आणि वाचताही येत नाही, त्यामुळे ही वही गुप्तच राहणार. सून लिहिताना वाचत नाही, असं तिने मला शब्द देऊन सांगितलंय.

कारण, बंदूक आली. नवी कोरी. ठासणीची. म्हणजे पुढून तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी वर बसवायची, लांब गजाने तळापर्यंत ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी लावायची, घोडा ओढायचा, मग ठो. पुढच्या गोळीला पुन्हा पहिल्यापासून. सत्तरीच्या बाईला अगदी शोभेलसं काम आहे. घाई नाही, आणि वस्तू जागच्या जागी ठेवणाऱ्यालाच जमतं.

आमच्या ह्यांनी विचारलं, ही हौस आत्ता कुठून आली. मी म्हटलं, सहज.

सहज नाही. लिही. मुलीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, क्लबात नेमबाजी करतात. कप आणतात. मुलीच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर त्यांचा बंदुकीसकट फोटो आहे. त्याचं मला काहीच नाही. पण मागच्या महिन्यात नातीला वर्गात दोन्ही आज्यांविषयी बोलायला सांगितलं होतं. ती उभी राहून म्हणाली, "एक आजी बंदूक चालवते. दुसरी आजी बसते." वर्गाने टाळ्या वाजवल्या म्हणे.

फेब्रुवारीच्या शेवटी ज्येष्ठांचा सामना आहे. अर्ध्या तासात दहा गोळ्या. संकल्प: नात समोर असताना दहाच्या दहा उडवायच्या. बास.

५ जानेवारी

बंदूकमिस्त्रीकडे जाऊन आलो. बंदूक त्यानेच दिली. तो म्हणतो, नळीच्या आतले आटे नवे आहेत, त्यांना धार आहे, चिंधी फाटते, काजळी लवकर धरते. नव्या चपलेसारखं आहे, थोडे दिवस चावणार. वापरून झालं की प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवा. मशीनचं तेल आत घालू नका, ह्या दारूच्या काजळीत ते मिसळलं की डांबर होतं.

ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. पण त्याच्या दुकानाचं शटर गंजलेलं आहे. गंजलेल्या शटरवाल्याने मला लोखंड शिकवू नये.

माझा तवा माझ्या लग्नाइतका जुना आहे. त्याने साबण पाहिला नाही. पाणी तर लांबूनच पाहिलं. फडक्याने पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, ठेवून द्यायचा. आरशासारखा आहे. शिवणाच्या मशीनचंही तेच. लोखंडाला तेल द्यावं, पाणी देऊ नये. हे कळायला शाळा लागत नाही. लागत असती तर शिकलेल्यांच्या घरी गंज दिसला नसता.

संकल्प: नळीला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

११ जानेवारी, रविवार

पहिला दिवस. मैदान गावाबाहेर, मागे मातीचा उंच बांध. लाइनवर एक शिट्टीवाला असतो. त्याचं नाव कोणी घेत नाही, शिट्टीच ऐकतात. मला मदतनीस लागतो म्हणून हे शेजारी उभे. गज पुढे करायचा, गप्प राहायचं, एवढं काम दिलंय. गज बरा पुढे करतात.

चार गोळ्या छान उडाल्या. खांद्याला दणका बसला, पण माहेरी गेल्यासारखं वाटलं. पाचवी अर्ध्यात अडकली. ना खाली जाईना, ना वर येईना. शिट्टी. सगळी लाइन थांबली. मिस्त्रीने गजाला स्क्रू लावून ती ओढून काढली.

विहीणबाई बाजूच्याच जागेवर होत्या. त्यांनी ओलसर फडकं पुढे केलं. प्रत्येक गोळीनंतर एकदा फिरवलं की पुरतं, म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या, तुम्हालाच लागेल.

अडकण्याचं कारण सापडलं. गोळी जाड होती.

१२ जानेवारी

साफसफाई केली. मशीनच्या तेलाची अर्धी बाटली नळीत ओतली. गजाला फडकं लावून मागेपुढे. काय काळं निघालं! काळं निघतंय म्हणजे साफ होतंय. ह्यांनी विचारलं, काळं निघायचं थांबेपर्यंत करायचं असतं ना. मी म्हटलं, सगळं आजच काढलं तर उद्या काय करू.

१८ जानेवारी, रविवार

आज तिसरीच अडकली. कारणं: एक, दारू दमट होती. दोन, चिंधीचं कापड ह्यांच्या जुन्या पायजम्याचं होतं, आणि तो पायजमा पहिल्यापासूनच आळशी. तीन, शिट्टीवाला माझ्याकडेच बघत होता.

विहीणबाईंच्या दहा झाल्या, आणि त्या थर्मासमधून चहा पीत बसल्या. चहा मलाही दिला. चांगला होता. साखर जास्त होती, लिही.

१९ जानेवारी

उपाय सापडला. नवा तवा जसा आधी चढवावा लागतो, तापवायचा, तेल पाजायचं, पुन्हा तापवायचा, तशी नळी चढवायची राहूनच गेली. म्हणून चिकटतंय. आधीच लक्षात यायला हवं होतं. पण माझ्यामागे कामं किती.

नळी सुटी केली. गॅसवर आडवी मावेना, आणि हेही आडवे आले. मग गॅलरीच्या कठड्याला बांधून उन्हात ठेवली. तेल पाजलं. तासाने पुन्हा पाजलं. दुपारी खालची बाई वर आली. तिच्या वाळत घातलेल्या चादरीवर काळे थेंब. मी म्हटलं, मशीनचं तेल आहे, उंची. ती तशीच जिना उतरून गेली. काही लोकांना कशाचंच कौतुक नसतं.

ह्यांनी मिस्त्रीचं गरम पाणी पुन्हा काढलं. मी तवा दाखवला. हे म्हणाले, तव्यात आपण दारू पेटवत नाही. मग हळूच, पालथ्या घड्यावर पाणी असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, पाण्याचा विषय ह्या घरात बंद.

२५ जानेवारी, रविवार

एक उडाली. दुसरी अडकली.

आज मुलगी नातीला घेऊन आली होती. शिट्टी झाली, सगळे थांबले, मिस्त्री स्क्रू घेऊन आला, आणि नातीने कुठूनतरी माझ्यासाठी खुर्ची आणली.

मी बसले नाही. पाय दुखत होते तरी उभी राहिले.

शिट्टीवाला ह्यांना बाजूला घेऊन बोलला. मला ऐकू येतं हे लोक विसरतात. पंधरा फेब्रुवारीच्या प्रॅक्टिसला ज्यांच्या दहा पुऱ्या होणार नाहीत त्यांना सामन्यात उभं करता येणार नाही, बाकीच्यांचा खोळंबा होतो. हे म्हणाले, बघतो. काय बघणार आहेत कोण जाणे. मीच बघतेय.

संकल्प: तेल दुप्पट.

३१ जानेवारी, शनिवार. संध्याकाळ.

दुपारी जेवण झाल्यावर हे बंदूक गाडीत घालून गेले. वजनाचा तोल मिस्त्रीला दाखवायचा म्हणाले. दिवेलागणीला आले. नळीच्या तोंडात बूच मारलेलं. हे म्हणतात, तेल आत नीट मुरायचं तर तोंड बंद हवं. आता उद्या लाइनवरच उघडायचं, मध्ये काही घालायचं नाही.

मी बघतच राहिले. मुरायला झाकून ठेवायचं! इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा शहाण्यासारखं काही निघालं. माझ्याजवळ राहून राहून शेवटी लागलं वळण.

नळी कोमट लागली. हे म्हणाले, गाडी उन्हात होती. संध्याकाळी सातला. असेल. गाड्यांमधलं मला काय कळतं.

१ फेब्रुवारी, रविवार

सात! आठवीला जरा जोर लागला, तेवढ्यात वेळ संपली. गोळी एकदाही अडकली नाही. तेल मुरलं. मी सांगतच होते, लोखंडाला धीराने घ्यावं लागतं.

हे आज गज देता देता मध्येच स्वतः नळीत फडकं फिरवत होते. त्याआधी फडकं तोंडाला लावत होते. मी पाहिलं. म्हटलं, शी, हे काय. म्हणाले, सवय आहे, सुईत दोरा ओवताना नाही का लावत. ह्यांनी जन्मात सुईत दोरा ओवला नाही. पण चार लोकांत बोलले नाही.

३ फेब्रुवारी

मुलीचा फोन. विचारत होती, बाबांचा चष्मा आमच्या बाथरूममध्ये राहिलाय, पाठवून देऊ का. मी म्हटलं, ते कशाला येतील तुमच्या बाथरूममध्ये, ते मिस्त्रीकडे गेले होते. ती घाईने म्हणाली, हो हो, हा दुसऱ्या कोणाचातरी असेल. फोन ठेवला. पोरगी अलीकडे फार विसराळू झालीय. सासरी कामच फार पडतं तिला. विहीणबाई बंदुका चालवणार, मग घर कोण बघणार.

ह्यांना तीन दिवस चष्मा सापडत नाहीये.

७ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा तोल दाखवायला गेले. पुन्हा बूच. मी बंदूक जवळ घेऊन वास घेतला. मशीनच्या तेलाचा घमघमाट. बाहेरूनसुद्धा येतोय! एवढं मुरलंय की बाहेर फुटायला लागलंय.

ह्यांनी चिंध्यांचा एक डबाही आणलाय. आयत्या कापलेल्या, मऊ, पिवळसर, मेणाचा वास. कुठून आणल्या विचारलं तर म्हणाले, मिळतात. मी म्हटलं, मेण नको, मशीनचं तेल लावू. हे म्हणाले, आत तेल मुरलेलंच आहे, वर कशाला. मी चिंध्या पिशवीत भरल्या. मेणाचं नंतर बघू.

८ फेब्रुवारी, रविवार

नऊ.

विहीणबाईंनी जवळ येऊन अभिनंदन केलं. मला त्यांची दया आली. म्हटलं, तुम्हाला कधी माझी पद्धत शिकायची असेल तर सांगा, आपल्यात परकेपणा नको. त्या म्हणाल्या, शिकेन की. चेहरा अगदी साधा ठेवून म्हणाल्या. बाई तशी गुणी आहे, पटकन वाकते.

१५ फेब्रुवारी, रविवार. रात्री जेवण झाल्यावर.

दहा. दहाच्या दहा. वेळही उरला. शिट्टीवाल्याने स्वतः येऊन नाव पक्कं केलं. हे लाइनवरच खाली बसले, डोळे पुसत. धुराने, म्हणाले. वारा उलट्या बाजूला होता.

सुनेने विचारलं, आई, खूप लिहायचं आहे का आज. मी म्हटलं, एकच ओळ. तवा खोटं बोलत नाही.

१८ फेब्रुवारी

आता लोक सल्ला विचारायला येतात. क्लबात एक दातांचा डॉक्टर नवा आलाय. त्याचीही बंदूक नवी, तीही चिकटते. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं साफ करतो, एका नळीपुढे हात टेकले. मी त्याला सगळं सांगितलं. पाणी वर्ज्य. मशीनचं तेल, सढळ. उन्हात तापवणं. बूच मारून मुरवणं. शिकलेला माणूस, पण निमूट मान डोलावत होता. वहीत लिहूनही घेतलं. बरं वाटलं. आपण बोलावं आणि डॉक्टरने लिहून घ्यावं.

२२ फेब्रुवारी, रविवार. सामना.

सावकाश सांगते, सूनबाई, एकही गोष्ट गाळू नकोस.

लाइनवर आम्ही सहा जण. विहीणबाई डावीकडे. नात मागे दोरीपाशी, कानात कापूस. पहिली गोळी जरा वर. दुसरी बरी. पाचवीला नेम स्थिरावेना, तर डावीकडून विहीणबाई म्हणाल्या, श्वास सोडा आणि मग ओढा. सामन्यात प्रतिस्पर्ध्याशी बोलतात का कोणी. पण सोडला श्वास. कागदाच्या मधोमध लागली.

दहावी उडाली तेव्हा शिट्टी व्हायला अवकाश होता. मी बंदूक टेकवली आणि मागे वळून पाहिलं. नात दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. ह्या वयात माझ्यासाठी कोणी उड्या मारेल, असं वाटलं नव्हतं. आधीच्या वयातही कोणी मारल्या नव्हत्या.

निकाल. कप विहीणबाईंना. मी सहा जणांत पाचवी. सहावे गृहस्थ चष्मा विसरून आले होते. पण नंबराला कोण विचारतो. दहा पुऱ्या झाल्या. नातीने फोनवर माझा फोटो काढला. धूर जरा जास्त आलाय, चेहरा दिसत नाही, पण बंदूक फार छान आलीय.

चहाच्या वेळी सेक्रेटरींनी माइक माझ्या हातात दिला. महिन्यापूर्वी आजींची दुसरी गोळी अडकत होती, आज दहा झाल्या, नव्या सभासदांना दोन शब्द सांगा म्हणाले. मी सांगितलं. तवा, शिवणाचं मशीन, मुरणं, बूच, सगळं. पाण्याचं तर तीनदा सांगितलं. कोणी हललं नाही. मिस्त्री छताकडे बघत होता. हे बुटाची नाडी बांधायला वाकले ते वाकलेलेच. विहीणबाई पहिल्या रांगेत, कप मांडीवर, माझ्याकडे टक लावून, शब्द न् शब्द ऐकत होत्या. टाळ्या पहिल्यांदा त्यांनीच वाजवल्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी डॉक्टरचा फोन. काल सामन्यानंतर माझ्या पद्धतीने तयार केलेली बंदूक चालवून पाहिली. दुसरी अडकली. मिस्त्रीने बघितलं तर नळीत डांबर. मी म्हटलं, तुम्ही नीट मुरू दिलं नसणार. बूच लावलं होतं का. तो म्हणाला, लावलं होतं, चांगलं घट्ट. मी ह्यांना हाक मारली. म्हटलं, तुमचं ते मुरवण्याचं जरा समजावून सांगा त्यांना.

ह्यांनी फोन घेतला, हळू आवाजात म्हणाले, डॉक्टर, गरम पाण्याने धुऊन टाका. आणि ठेवला.

मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. सुनेने पेन खाली ठेवलं होतं. मी म्हटलं, लिही. सगळं लिही.

मिस्त्रीकडे कधी गेलेच नव्हते. दर शनिवारी बंदूक विहीणबाईंकडे. त्यांच्या बाथरूममध्ये नळीचं टोक बादलीत बुडवायचं, आणि गजाने गरम पाणी आतबाहेर खेळवायचं. पहिल्या शनिवारी तर शाईसारखं पाणी निघालं म्हणे, माझं सगळं तेल त्यात. मग नळी पुसून कोरडी करायची, मेण आणि गोडं तेल एकत्र करून त्याचा हात द्यायचा. चिंध्याही त्यांच्याच. ते ओलसर फडकंही त्यांनीच शिकवलेलं. आणि शेवटी नळीला बाहेरून, नुसतं बाहेरून, मशीनचं तेल चोळायचं. मला वास यावा म्हणून.

मी विचारलं, हे मुरण्याचं कोणी काढलं. हे म्हणाले, विहीणबाईंनीच. म्हणाल्या होत्या, त्यांना सांगा मुरतंय, लगेच पटेल.

मग मी विचारलं, आणि त्यांना काय पडलं होतं. मी अडकले असते तर त्यांचंच बरं होतं. हे म्हणाले, तेच मी विचारलं होतं. तर म्हणाल्या, लाइनवर इतकी वर्षं मी आपली एकटी बाई. बाजूला आपल्यातलं कोणी असलं की बरं वाटतं.

ह्यांना फक्त एवढंच म्हटलं, चष्मा आता तरी उघडपणे घेऊन या.

२४ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. संकल्प: विहिणीशी वर्षभर बोलायचं नाही.

दुरुस्ती: महिनाभर.

डॉक्टरला फोन केला. त्याला सांगितलं, तेलानंतर पाणी, हा माझ्या पद्धतीचा दुसरा भाग. तो मी मुद्दाम मागाहून सांगते, नाहीतर लोकांना पहिल्याची किंमत राहत नाही. तो बरं म्हणाला. वहीत लिहून घेतलं की नाही, विचारलं नाही.

खालच्या बाईला नवी चादर नेऊन दिली. तिने चहा केला.

आल्यावर विहीणबाईंना फोन लावला. महिना आजपासून धरायचा असं कुठे ठरलं होतं. आधी नातीची चौकशी केली. मग हवापाण्याची. हवेचीच केली खरं तर, पाण्यापाशी अडखळले. त्या सगळं कळल्यासारखी सांभाळून उत्तरं देत होत्या. म्हणजे ह्यांनी तिकडेही कबुली दिलीच. पोटात काही राहत नाही.

भांडणासारखं काहीतरी तोंडाशी आणून ठेवलं होतं. ते काही बाहेर येईना.

शेवटी त्याच म्हणाल्या, "विहीणबाई, शनिवारी तुम्ही बंदूक घेऊन स्वतःच या. बादली एकच आहे. आधी तुमची धुऊ की माझी?"

मी म्हटलं, "आधी तुमची धुऊ. माझी काय, स्वच्छच असते."